चौदा दारांची एक किल्ली

त्याला सगळे किल्लेदार म्हणत. गड, बुरूज, तोफा यांतलं काही त्याच्याकडे नव्हतं. होतं ते एका जिन्याखालचं हातभर दुकान, किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. नाव कुणीतरी थट्टेनं ठेवलं होतं, पण गड्याला ते इतकं आवडलं की त्यानं पाटीवरही तेच रंगवून घेतलं. माणूस कामाला पक्का, मनानं मोकळा, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्यानं घड्याळ बघावं असा. कुणी कौतुकाचा एक शब्द टाकला की स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढलीच. त्याला तिथून खाली उतरवायचं काम बायकोचं, आणि ती बिचारी ते इतकी वर्षं करत आली होती.

त्याच्या दुकानापासून पाच-सात मिनिटांवर एक जुनं लॉज होतं. चौदा खोल्या, पुढे लांब व्हरांडा. मालक ते विकायला निघाला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की इथे आता काचेची उंच इमारत येणार आणि तिच्या मागोमाग आजूबाजूची भाडीही वर चढणार. तसंही बस धुणारे, शिलाईच्या टिपा मारणाऱ्या बाया, हॉस्पिटलात फरशी पुसणारे एकेक करून शहराबाहेर निघालेच होते. त्यांच्याशिवाय या भागाचं पान हलत नव्हतं, आणि या भागात राहणं मात्र त्यांनाच परवडत नव्हतं. तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं कंबर कसली. तिला सगळे हेडबाई म्हणत. बेकरीवाला, औषधवाला, शिंपी, न्हावी अशा सगळ्यांना तिनं गोळा केलं, मंडळ काढलं, घरोघर वर्गणी मागितली आणि ते लॉज विकत घेतलं. खोली कधीही विकायची नाही, भाडं ज्याच्या त्याच्या कमाईला झेपेल एवढंच घ्यायचं, आणि नीट राहणाऱ्याला कुणी कधी ‘ऊठ’ म्हणायचं नाही, असं ठरलं. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी हात दिले. रंगाऱ्यानं भिंती रंगवल्या, वायरमननं तारा ओढल्या आणि किल्लेदारानं चौदाही दारांना नवी कुलपं बसवली, एक पैसा न घेता. एवढं श्रेय त्याचं आहे आणि ते त्याला द्यायलाच हवं.

पहिल्याच वर्षी तिथले एक आजोबा खोलीत पडले. दार आतून बंद, आजोबांना उठता येईना, शेवटी दार फोडावं लागलं. त्यावर किल्लेदारानं डोकं लढवलं. सगळी कुलपं उघडून, आतल्या पिना बदलून त्यानं अशी रचना केली की ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या दारालाच लागेल, पण एक किल्ली मात्र चौदाही दारांना लागेल. ती हेडबाईंच्या टेबलाच्या खणात ठेवायची, अडीअडचणीला काढायची. मंडळानं टाळ्या वाजवल्या. किल्लेदाराला रात्री झोप लागली नाही म्हणतात, आनंदानं.

आता टाळ्या वाजल्या की माणूस घसरतो. मंडळाला देणगीदार लागत होते आणि देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला ते बघायची हौस असते. त्यात वाईट काही नाही. पण बघायचं काय, तर खोल्या. आणि खोल्यांतली माणसं तर दिवसभर कामावर. मग हळूहळू ती किल्ली खणातून निघून किल्लेदाराच्या खिशात आली. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी पाहणीची फेरी निघायची. पुढे किल्लेदार, मागे पाहुणे. दारावर दोनदा बोटं वाजवायची ती नावाला, की लगेच किल्ली फिरली आणि दार उघडलं. “हे बघा, चूल. हे बघा, खिडकी. आधी ही माणसं कशी राहायची सांगू का?” आणि तो सांगायचा. खोलीत कोण राहतं त्याचं नाव पाहुण्यांना सांगायचं नाही, असा मंडळाचा कडक नियम होता. नाव झाकायचं आणि दार उघडायचं, यात काही चुकतंय असं एवढ्या शहाण्या माणसांत एकालाही वाटलं नाही.

किल्लेदाराला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा ताईनंच त्याला वाढवलं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून तिनं याला कुलपांच्या कारागिराकडे शिकायला ठेवलं. पुढे तिचं लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवराही गेला. आता ती पुलापलीकडे भाड्यानं राहते, एवढं किल्लेदाराला माहीत होतं. दर रविवारी दुपारी ती याच्याकडे जेवायला यायची. मध्यंतरी म्हणाली होती, “खोली बदलली रे मी.” यानं विचारलं, “कुठे?” ती म्हणाली, “आहे इकडेच. तू नको येऊ, मीच येते.” त्यावर यानं आणखी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते बरंच पडलं.

आणि मग तो शनिवार उजाडला.

टाइल्सचा मोठा धंदा असलेले एक शेठ आणि त्यांची बायको पाहणीला येणार होते. लॉजच्या गच्चीवर आणखी सहा खोल्या बांधायच्या होत्या आणि शेठ मनावर घेतील तर सगळंच मार्गी लागणार होतं. किल्लेदारानं धुतलेला शर्ट घातला, मिशा नीट केल्या. हेडबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, “अकरा नंबर दाखवा. नीटनेटकी खोली आहे. एकटी बाई आहे, तिचं असं कोणी नाही. आत्ता कामावर असेल.”

व्हरांड्यातून जाताना किल्लेदाराची गाडी सुटली होती. “शेठ, इथे एकेक असे लोक आहेत, आपण नसतो तर रस्त्यावर असते. आता ही अकरा नंबरची बाई घ्या. जगात कुत्रंसुद्धा विचारणारं नाही तिला. आता आपण आहोत.” टक, टक. किल्ली फिरली. दार उघडलं.

आत ताई होती.

ती रात्रपाळी करून आली होती आणि झोपली होती. दाराच्या आवाजानं दचकून उठून बसली, केस मोकळे, अंगावर झोपायचा जुना गाऊन. दोरीवर तिचे आतले कपडे वाळत होते. तिनं आधी ते ओढून उशीखाली सारले आणि मगच वर बघितलं.

एवढा बोलघेवडा माणूस, पण एक शब्द फुटेना. ‘ताई’ म्हणायला असा किती वेळ लागतो? पण आत्ताच तर तो म्हणाला होता, कुत्रंसुद्धा विचारत नाही. शेठ मागे उभे होते. त्यांच्यासमोर आता म्हणायचं काय, की ही माझी सख्खी बहीण, आणि ती धर्मादाय खोलीत राहते, आणि मला ते ठाऊकही नाही? त्यानं मूग गिळले.

ताईनं दोघांच्या तोंडाकडे बघितलं, मग भावाच्या. तिनं गाऊन सारखा केला. “या,” ती म्हणाली. “बसायला एकच खुर्ची आहे.”

शेठ दाराबाहेरच थांबले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची बायको मात्र आत गेली, मायेनं इकडेतिकडे बघू लागली. वाईट नव्हती हो ती, पण काय विचारावं आणि काय नाही हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फळीवर एका पोराचा छोटा फोटो होता. खांद्यावर दप्तर, पुढचा एक दात पडलेला, झिपऱ्या वाढलेल्या.

“हा मुलगा तुमचा?”

“नाही. भाऊ.”

“हो का! मग तुम्हाला कोणी नाही असं हे म्हणत होते ते?”

ताईनं किल्लेदाराकडे बघितलं. नीट, सरळ बघितलं आणि थांबली. तिनं त्याला वेळ दिला. लहानपणी पाढा अडला की ती अशीच थांबायची.

किल्लेदारानं दाराची कडी हातात धरली. डोक्यावरचे केस कधीच गेलेले, मिशा आलेल्या, त्या फोटोवरून त्याला आता कोण ओळखणार होतं! “हे बघा शेठ,” तो म्हणाला, “कुलूप आतूनही लागतं. एकदम सुरक्षित.”

“असतो तो त्याच्या कामात,” ताई शेठच्या बायकोला म्हणाली. “मोठा माणूस झालाय.”

“आणि तुमच्याकडे बघत नाही?”

“बघतो की,” ताई म्हणाली. “पण मला आता झोपायचंय. रात्री परत कामावर जायचंय.”

तो दार लावून घेऊन निघाला. जिना उतरताना तो पुन्हा बोलतच होता, गच्चीचं, पाण्याच्या टाकीचं, सिमेंटचं. आपण काय बोलतोय हे त्यालाच ऐकू येत नव्हतं. गाडीत बसताना शेठनी फक्त मान हलवली.

रविवारी ताई जेवायला आली नाही. बायकोनं फोन केला तर म्हणाली, दमलेय. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. “काय केलंत?” तिनं विचारलं. काही झालंय का, असं तिनं विचारलंच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. त्यानं डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड केलं, आणि मग तिकडे तोंड करूनच सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून काय काय बोलायचा आठवतंय? ताईंच्या समोर?”

आठवत होतं. सगळं आठवत होतं. भात वाढून घेत, घास तोंडात असताना तो म्हणायचा, या लोकांना उपकाराची जाण नसते. म्हणायचा, कालच्या पाहुण्यांना ती सातवाली दाखवली, तोंड वर करून बघेना. ताई मान खाली घालून जेवायची, भांडी घासून द्यायची आणि निघून जायची. तोंड दाखवायला जागा उरली नाही असं आपण नुसतं म्हणतो. त्याला त्या दिवशी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर ती सापडेना.

सोमवारी सकाळी रात्रपाळी सुटायच्या वेळेला तो धुलाईखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. ताई बाहेर आली. हातांना वाफेचा वास. त्याला बघून ती थांबली नाही, चालत राहिली. तो बरोबर चालू लागला.

“ताई, मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तू तुझ्या बायकोला सांगत होतास ते ऐकत होते मी. पुलापलीकडच्या मालकानं भाडं वाढवलं, मला झेपेना. हेडबाईंकडे गेले, तर भली बाई, माझं दुःख उगाळत बसली नाही, खोली दिली. म्हटलं, भावाचं नाव नको सांगायला. तुझ्या वशिल्यानं मिळाली असं नको व्हायला, आणि...” ती जरा थांबली. “आणि तू मला त्या माणसांत धरशील, ते नको होतं.”

“चुकलं माझं.”

“त्या दिवशी तू ओळख दिली नाहीस ना, त्याचं एक वेळ सोडून देईन रे मी. मलाही लाज वाटली होती, तुलाही वाटली असेल. पण दार? दार असं उघडतात का कुणाचं?”

रस्त्यात लोक होते, दूधवाला होता, तो नुसता चालत राहिला.

“ती खोली फार चांगली आहे,” ताई म्हणाली. “नवरा गेल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकल्यासारखं झालं होतं. भाडं झेपतं, कुणी हाकलत नाही, म्हातारपणी कुठे जाऊ हा घोर गेला होता. आता डोळाच लागत नाही. जरा पाऊल वाजलं की उठून बसते. खुर्ची दाराला लावून झोपते. सोडतेय मी ती.”

“सोडून कुठे जाशील?”

“आमच्यातली एक आहे, तिच्याकडे एक कोपरा रिकामा आहे. तिचा मुलगा परत येईपर्यंत.”

“मग माझ्याकडे ये ना! माझं घर काय परकं आहे?”

“तुझ्याकडे मी पाहुणी. मला माझं घर पाहिजे होतं. मिळालंही होतं.” ती वळली आणि तिनं हातानंच त्याला मागे राहायला सांगितलं.

त्या आठवड्यात मंडळाची बैठक होती. लॉजच्या खालच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, शेठही आलेले. देणगीची घोषणा होणार म्हणून बेकरीवाल्यानं केक आणला होता. हेडबाई बोलायला उठणार तोच किल्लेदार उठला. त्यानं खिशातून ती किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“अकरा नंबरमधली बाई माझी सख्खी बहीण आहे,” तो म्हणाला. “तिनं मला वाढवलं. शनिवारी मी शेठसमोर तिला ओळख दाखवली नाही. जगात तिला कोणी नाही असं म्हणालो. आणि ती झोपलेली असताना तिचं दार उघडलं. ती खोली सोडून चाललीय, ती माझ्यामुळे.”

औषधवाल्यानं घसा साफ केला. “बहिणीचं वाईट झालं, पण देणाऱ्यानं बघायचं तरी नाही का, आपलं दान कुठे गेलं ते?”

“तुमच्या दुकानाला उधारी देणारे तुमच्या झोपायच्या खोलीत येतात का बघायला?” किल्लेदार म्हणाला. “मी किती दारं उघडली हो. एकानंही मला ‘नको’ म्हटलं नाही. म्हणणार कसं? खोली जाईल अशी भीती. आणि मला वाटायचं, खूश आहेत.”

हेडबाईंनी चष्मा काढला. “खणातून काढून मीच दिली तुम्हाला ती,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं अकरा नंबर दाखवा.” आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करून जाब विचारलेली बाई, आज मान वर करत नव्हती.

सगळे शेठकडे बघायला लागले. शेठना ते आवडलं नाही. “माझ्या घरात कुणी असं शिरलं असतं तर मी पोलीस बोलावले असते,” ते म्हणाले. “आणि मी तिथे उभा राहिलो. बायको चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि स्वतःशीही नाही.” मग ते उठले. “गच्चीचं मी विचार करून कळवतो.” केक न खाताच गेले ते. कळवतील की नाही कुणालाच माहीत नव्हतं, आणि औषधवाल्यानं किल्लेदाराकडे असं बघितलं की सहा खोल्या यानंच बुडवल्या.

तरी ठरलं. फेऱ्या बंद. ज्याला आपला पैसा कुठे गेला ते बघायचं असेल त्यानं खालच्या खोलीत बसावं, खर्च विचारावा, भिंती बाहेरून बघाव्यात. सगळी कुलपं बदलायची, सगळ्यांना लागणारी किल्ली ठेवायची नाही. अडीअडचणीसाठी जादा किल्ली कुणाकडे ठेवायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. कुलपांचा खर्च किल्लेदारानं अंगावर घेतला. यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत आणि ते बरंच झालं. हेडबाई गुडघे दुखत असतानाही जिना चढून अकरा नंबरला गेल्या, दार वाजवून बाहेर उभ्या राहिल्या. ताईनं आत घेतल्यावर काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच कळलं की ताईनं खोली सोडायचं रद्द केलं.

किल्लेदार एकेक दार करत गेला. प्रत्येक दारावर थांबून वाजवायचा, आणि “कोण?” असं आतून आलं की त्याची मान आपोआप खाली जायची. सातवाल्या बाईनं तर काम होईपर्यंत हाताची घडी घालून त्याच्यावर नजर ठेवली. बोलण्यासारखं त्यानं काही ठेवलंच नव्हतं.

अकरा नंबर शेवटी घेतला. ताईनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. त्यानं जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं, दोनदा फिरवून बघितलं आणि दोन्ही किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

“जादाची कुणाकडे ठेवणार?” त्यानं विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

“शेजारणीकडे.”

“बरं.”

तिनं दार लावलं. आतून कुलूप फिरल्याचा आवाज आला. हत्यारं पिशवीत भरून झाली तरी त्याचा पाय निघेना. व्हरांड्यात दोन-तीन दारांत माणसं आपापली नवी कुलपं फिरवून बघत उभी होती. त्यानं दार वाजवलं.

“कोण?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

व्हरांड्यातल्या माणसांनी माना वळवल्या. सातवालीही बघत होती. “तुझा भाऊ आहे, ताई,” तो मोठ्यानं म्हणाला.

आत पावलं वाजली. मग तिचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. “मी झोपतेय आता. रात्रपाळी आहे. रविवारी फोन कर, मग बघू.”

“झोप,” तो म्हणाला.

जिन्यात तीन नंबरचा बस धुणारा वर येत होता. किल्लेदाराला पिशवी घेऊन उतरताना बघून तो बाजूला झाला. “झालं का काम?” त्यानं विचारलं.

“काम मघाशीच झालं,” किल्लेदार म्हणाला. “बहिणीकडे थांबलो होतो.”

“मग? चहा-बिहा झाला का?”

“नाही. तिनं दार उघडलं नाही.”

किल्लेदारानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो खाली गेला.